खाऱ्या वाऱ्याच्या भरवशावर लाकडाची धूळ

“कोकणात घरच्या सुतारकामाला धूळ ओढणारी यंत्रणा लागत नाही. पडवीत समुद्राचा वारा असतो, लाकूड नैसर्गिक असल्याने त्याची धूळ बाधत नाही, नाकाला ओला रुमाल पुरतो, आणि तशी यंत्रणा लाखाच्या खाली येतही नाही.” हा मजकूर रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे हौशी कारागीर एकमेकांना पाठवत आहेत. त्यातला एकही मुद्दा टिकणारा नाही, आणि प्रश्न फुप्फुसांचा असल्यामुळे तो खोडून काढणे मला आवश्यक वाटते.

आधी वारा. खारे वारे दिवसा, जमीन तापल्यावर वाहतात आणि रात्री मतलई वारे उलट दिशेने सुटतात. नोकरी सांभाळून हौस करणारा माणूस मात्र सँडर (लाकूड घासून गुळगुळीत करणारे यंत्र) हातात घेतो तो बहुधा सायंकाळी, म्हणजे नेमकी हवा पडलेली असताना. पावसाळ्यात तर झड आत येऊ नये म्हणून पडवीला ताडपत्री बांधलेली असते. शिवाय वारा असला तरी तो धूळ पकडत नाही, केवळ हलवतो. पडवीतून माजघरात गेलेली धूळ मग मुलांच्या आणि वृद्धांच्या श्वासात जाते. जाड भुसा लगेच खाली बसतो, परंतु 10 मायक्रॉनहून बारीक कण डोळ्यांना न दिसता दीर्घकाळ तरंगत राहतात.

लाकूड नैसर्गिक आहे, हे खरे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाची धूळ माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या गटात घातली. तो पुरावा मुख्यतः वर्षानुवर्षे लाकूडकामात राबलेल्या कामगारांचा आहे आणि हौशी माणसाचा धोका त्याहून कमी, हे मान्य करायला हवे. पण सागाच्या धुळीने अंगाला खाज सुटणे किंवा दम्याचा त्रास बळावणे यासाठी कारखान्यात आयुष्य घालवावे लागत नाही. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू चिकटद्रव्याने दाबून केलेल्या फळ्यांच्या, बारीक धुळीत तर चिकटद्रव्याचे कणही असतात.

रुमालाच्या विणीतून आणि कडांतून बारीक कण सहज आत जातात. एन-95 मास्क हवा, आणि तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. दाढीवर तो नीट बसत नाही.

खर्चाचा मुद्दा सर्वांत दिशाभूल करणारा आहे, कारण त्यामुळे लोक प्रयत्नच सोडून देतात. कोरडा-ओला कचरा ओढणारा साधा व्हॅक्यूम काही हजारांत मिळतो. धूळ त्याच्यात पोहोचण्याआधी वाटेत रंगाच्या 20 लिटरच्या बादलीवर प्लास्टिकचे सायक्लोन, म्हणजे हवा गोल फिरवून भुसा वेगळा पाडणारे नरसाळे, बसवले, तर बहुतेक भुसा बादलीतच पडतो आणि फिल्टर लवकर तुंबत नाही. बादली जाड हवी. पाइप तुंबला की पातळ बादली आत चेपते. सायक्लोनमधून निसटणारी सर्वांत बारीक धूळ अडवण्यासाठी व्हॅक्यूममध्ये हेपा फिल्टर (अतिसूक्ष्म कण अडवणारी गाळणी) असणे आवश्यक आहे. नळी थेट सँडरला किंवा राऊटरला (लाकडात खाचा आणि कडा कोरणाऱ्या यंत्राला) जोडावी, कारण धूळ जिथे उठते तिथेच ती पकडणे सर्वांत स्वस्त पडते.

या जोडणीलाही मर्यादा आहे. रंधा मशीनच्या ढलप्यांना जोरापेक्षा हवेचा मोठा प्रवाह आणि सुमारे 100 मिलिमीटरचा पाइप लागतो. व्हॅक्यूमची अरुंद नळी तिथे तुंबते. रंधा मशीन कोरड्या दिवसांत खळ्यात चालवावे. बादली मात्र पावसाळ्यात भरलेली ठेवू नये, कारण दमट भुशाला बुरशी धरते. ती रिकामी करताना मास्क लावावा आणि फिल्टर घराबाहेरच झटकावा.