शिकवणं एका ओळीत उरकलंत

ड्रमवादक बाबातुंडे ओलातुंजींवरच्या तुमच्या लेखात त्यांचं शिकवणं 'नंतर वर्कशॉप्स घेतली' एवढ्यावर उरकलंत ते काही पटलं नाही. नायजेरियातून १९५० मध्ये अटलांटाला कॉलेजात शिकायला आलेला हा माणूस पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आफ्रिकन संस्कृतीचं केंद्रच काढून बसला, जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन १९६७ मध्ये स्वतःच्या मरणाच्या काही महिने आधी तिथे वाजवून गेलाय! आणि शिकवायची पद्धत काय तर गन-डन, गो-डो, पा-टा हे बोल आधी तोंडाने म्हणायचे, मग जेंबेवर, म्हणजे हाताने वाजवायच्या आफ्रिकन ढोलावर, हात. आमचे तबल्याचे सर पण बोल तोंडात बसल्याशिवाय डग्ग्याला हात लावू द्यायचे नाहीत, तेव्हा जाम वैताग यायचा.

बाकी 'प्लॅनेट ड्रम' या अल्बममध्ये तबल्याचे झाकीरभाई आणि घटमवादक विक्कू विनायकराम यांच्यासोबत ओलातुंजी होते, त्या अल्बमला ग्रॅमी मिळालंय, तेही लेखात कुठे दिसलं नाही राव.