तिसरं पदक कुठं गेलं?

पाऊस ही काही टीव्हीवर बघायची गोष्ट नाही. ऑगस्टमध्ये डोंबिवलीत तर नाहीच नाही, खिडकी उघडली की फुकटात दिसतो, वर सोफ्यावर उडतोही. तरी २०२५ मधल्या एका रविवारी, ३ ऑगस्टला, रात्री नऊच्या सुमारास आमच्या हॉलमध्ये दोन धडधाकट पुरुष लंडनचा पाऊस बघत बसले होते. ओव्हलवर भारत-इंग्लंड कसोटीचा खेळ थांबलेला, खेळपट्टीवर कव्हरं, खेळाडू आत. स्क्रीनवर हलणारी एकमेव गोष्ट म्हणजे पाऊस. आणि रिमोट समोरच्या काकांच्या मांडीवर, लंगोटात झोपलेल्या नातवासारखा.

मला बघायची होती सिंगापूरच्या जागतिक जलतरण स्पर्धेतली महिलांची ४०० मीटर वैयक्तिक मेडले. साडेचार मिनिटांची, चार प्रकारे पोहायची शर्यत. साडेचार मिनिटं! एवढ्या वेळात आमच्या ह्यांचा जोडीतला दुसरा मोजा सापडत नाही.

शर्यत खरं तर संध्याकाळीच होऊन गेली होती. पण तेव्हा कसोटी चालू होती आणि कसोटी चालू असताना आमच्या घरात टीव्ही माझा नसतो. काकाही आमच्याकडेच, कारण त्यांच्या घरी काकूंचं श्रावणातलं भजनी मंडळ. तेव्हा तह झाला. टीब्रेकला वीस मिनिटं टीव्ही मला, मी रेकॉर्डिंग लावणार. निकाल आधी कळू नये म्हणून दुपारपासून फोन पालथा घालून ठेवला होता. फ्रेंडशिप डेच्या शुभेच्छांनी तो पालथ्या झुरळासारखा थरथरत होता, पण मी हात लावला नाही. मैत्रिणी रुसल्या असतील. रुसू देत.

"फोनवर बघ की," असं ह्यांनी चारदा सुचवलं. सहा इंची फोनवर ते तळं बघितलंय कुणी? आठ पोहणाऱ्या म्हणजे ताटात सांडलेले आठ साबुदाणे.

तर टीब्रेक झाला. रिमोट हातात आला. आठजणींनी सूर मारला, बटरफ्लायचे हात पाण्याबाहेर आले, आणि काका स्वतःच्या फोनवर बोट फिरवत म्हणाले, "हीच का गं? कॅनडावाली जिंकली. मॅकिंटॉश. चार मिनिटं पंचवीस पूर्णांक अठ्ठ्याहत्तर."

मी व्हिडिओ थांबवला. थांबवायला नको होता, ही माझी चूक. थांबलेल्या चित्रापुढे काकांना प्रश्न सुचतात.

मॅकिंटॉश जिंकणार हे मलाही ठाऊक होतं म्हणा. जूनमध्येच तिने ४:२३.६५ असा विश्वविक्रम केलेला, तिच्यापुढे पाणी स्वतःहून बाजूला होत असावं. माझा जीव अडकला होता तो चीनच्या यू झिदीत. वय वर्षं बारा. उन्हाळ्यापासून सुटका म्हणून सहाव्या वर्षी पाण्यात उतरलेली पोर. स्पर्धेला खरं तर चौदा वर्षांची अट होती, पण पात्रतेची वेळ गाठली तर त्याआधीही घ्यायचे, आणि हिने गाठली. त्याच आठवड्यात २०० मीटर मेडलेमध्ये तिचं पदक ०.०६ सेकंदांनी हुकलं. मग २०० मीटर बटरफ्लायमध्येही चौथी. मी देवाला म्हटलं होतं, आता तिसऱ्यांदा तरी नको.

"आणि ती बारा वर्षांची?" काका म्हणाले. "चौथी."

एवढं सांगून त्यांनी चकली मोडली.

"पण थांब. हे चुकलंय. इथं पहिली एक, दुसऱ्या दोघी आणि मग एकदम चौथी."

"दोघींची वेळ सारखी आली काका. ४:३३.२६. ऑस्ट्रेलियाची फॉरेस्टर आणि जपानची नारिता. दोघींना रौप्य," असं त्यांच्याच फोनवर वाचून मी त्यांना सांगितलं.

"बरं. मग तिसरी कोण?"

"तिसरी कुणीच नाही."

"असं कसं? आठ जणी पोहल्या ना?"

"दोघी दुसऱ्या, म्हणजे त्यांनी दुसरी आणि तिसरी अशा दोन्ही जागा घेतल्या. पुढची चौथी."

काका बँकेत कॅशियर होते. एकतीस वर्षं. संध्याकाळी पाच रुपयांचा फरक आला तर सगळ्या शाखेला थांबवून ठेवणारा माणूस. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला.

"पदकं किती आणली होती?"

"म्हणजे?"

"अगं, समारंभाला येताना कमिटी एक सोन्याचं, एक चांदीचं, एक ब्राँझचं घेऊन येणार. बरोबर? आता चांदीची लागली दोन. दुसरं चांदीचं ऐनवेळी आलं कुठून? आणि ब्राँझचं गेलं कुठं?"

"जादाची ठेवत असतील."

"ठेवत असतील! व्हाउचर नाही, नोंद नाही." ते ह्यांच्याकडे वळले. "ब्राँझ ढापलं कमिटीनं. लिहून ठेव."

ह्यांनी मान डोलावली. पंधरा वर्षांत माझ्या कुठल्याही म्हणण्यावर ती मान इतक्या चटकन हललेली नाही.

"आणि मुळात," काका म्हणाले, "ही चार-चार प्रकार का पोहते? एक धड येत नाही म्हणून?"

आता हे बघा, मेडले म्हणजे सगळ्यात अवघड. आधी बटरफ्लाय, मग उताणं, मग बेडकासारखं, शेवटी फ्रीस्टाइल. एकाने थकलेल्या खांद्यांनी दुसरं करायचं, आणि प्रत्येक वळणावर नियम बदलतो. आदल्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकला, नेमक्या ३ ऑगस्टलाच, २०० मीटरच्या शर्यतीत अमेरिकेची अ‍ॅलेक्स वॉल्श तिसरी आली आणि लगेच बाद झाली. उताणं पोहणं पाठीवरच संपवायचं असतं, ती भिंतीला लागायच्या आधी वळली होती. ब्राँझ गेलं ऑस्ट्रेलियाच्या मकाउनकडे. हे सगळं मी पोटतिडकीने सांगितलं.

"म्हणजे नोबॉल," काका म्हणाले. "बरोबर दिला. रिव्ह्यू घेतला का तिने?"

मग त्यांना एकाएकी माझी दया आली असावी. "समजलं," ते म्हणाले. "म्हणजे आपल्या बायकांसारखंच. सगळं थोडं थोडं."

हे ते प्रेमाने म्हणाले. हाच त्रास आहे. रागाने म्हणाले असते तर उत्तर देता आलं असतं. जडेजा बॅटिंग, बोलिंग, फील्डिंग करतो तेव्हा तो अष्टपैलू असतो, "सगळं थोडं थोडं" नसतो. हे उत्तर मला रात्री साडेअकराला भांडी लावताना सुचलं. त्या क्षणी मी चकलीचा डबा पुढे केला.

"तुला येतं पोहता?" काकांनी विचारलं.

येतं. वाईजवळ आजोळच्या विहिरीत, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून शिकले. मामा वरून ढकलायचा, डबा पाठीत टोचायचा, नाकात पाणी जायचं. दुसऱ्या सुट्टीत डबा सुटला आणि मी मुटके मारायला लागले. वरच्या पायरीवरून मारलेल्या मुटक्याने माझ्या मामेभावाचं वाळत घातलेलं धोतर भिजायचं, इतकं पाणी उडायचं. मग एका मे महिन्यात आजीने विहिरीवर येऊन हाक मारली, "पुरे आता, मोठी झालीस." बारा वर्षांची होते. भाऊ पोहत राहिले. त्यांना कुणी मोठं झालेलं सांगितलं नाही, अजूनही सांगितलेलं नाही.

हे मी काकांना सांगितलं नाही. "येतं थोडं थोडं," म्हटलं.

एवढ्यात वीस मिनिटं संपली. माझी शर्यत दोनशे मीटरवर पोचली होती. बेडूक पोहायला लागायच्या आत चॅनल बदललं.

त्यानंतर सगळा दुखवटाच. ३७४ च्या पाठलागात इंग्लंड पुढे निघालेलं आणि काकांचं सगळं लक्ष सकाळच्या सत्रातल्या सिराजवर. ब्रूक १९ वर असताना सिराजने सीमारेषेवर झेल घेतला आणि पाऊल दोरीवर गेलं. ब्रूकने मग १११ काढल्या. "एक पाऊल!" काका सोफ्यावरून उठून दाखवत होते. "एवढंसं! टाच!" आमच्या गालिच्याची कड त्यांनी नऊ वेळा तुडवली. एका टाचेचं सुतक पाळणाऱ्या माणसाला ०.०६ सेकंदाचं दुःख कळायला हवं होतं, असं मला वाटलं. कळलं नाही.

मग उजेड गेला, पाऊस आला. ६ बाद ३३९. मी हळूच म्हटलं, "काका, आता दोनच मिनिटं..."

"थांब गं. थांबेल पाच मिनिटांत."

मी थांबले. पाऊस थांबला नाही. मैदानावरचा एक माणूस छत्री घेऊन मधोमध आला, कव्हरांकडे बघून परत गेला. काका आणि हे दोघंही पुढे सरसावून बसले. कव्हरांवरून पाणी ओघळत होतं. "ड्रेनेज चांगलं आहे त्यांचं," हे म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले. सोमवारच्या उपासाचा साबुदाणा धुवायचा होता. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवला, ओल्या बोटाने तीनदा लावला तेव्हा चालू झाला. मॅकिंटॉश एकटीच पुढे, मागे पाण्याच्या रेषेत बाकीच्या. शेवटच्या पन्नास मीटरमध्ये मी साबुदाण्याचं पाणी निथळायचं विसरले. कुठली टोपी कुणाची काही कळत नव्हतं. निकाल ठाऊक असूनही माझे हात पातेल्यात मुठी वळून बसलेले. भिंत. पाटी आली. यू झिदी, ४:३३.७६. पदकाला अर्धा सेकंद कमी.

चौथी. तिसरी कुणीच नाही.

बाहेरून आवाज आला, "चहा होणार का गं अर्धा अर्धा?"

सोमवारी दुपारी आपण सहा धावांनी जिंकलो. सिराजनेच शेवटची विकेट काढली. काका पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे, डोळे पाणावलेले. "घे. उपासाला चालतो."

मी एक उचलला.

"आणि त्या ब्राँझचं काही कळलं का?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

मी आणखी एक उचलला.