मैदानाचा सातबारा कुणाच्या नावावर?

गेल्या रविवारी कोल्हापूरहून मित्राचा फोन आला. आम्ही एका पेठेत वाढलो, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून घसा बसेपर्यंत ओरडलो. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ पेठांमधल्या तालमींचे असतात. त्याचं म्हणणं असं, "भावा, तालमीच्या वर्गणीवर फुटबॉल किती दिवस चालणार? एखादी मोठी कंपनी आली पाहिजे. टीमपण घेऊ दे आणि मैदानपण घेऊ दे. तिकडं विलायतेत तसंच चालतंय की."

तिकडं कसं चालतंय ते मी जिथे राहतो त्या गावात बघितलंय. फोनवर त्याला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

मी कॉव्हेंट्रीत राहतो. गाव मोटारींच्या कारखान्यांचं. फुटबॉल क्लब कॉव्हेंट्री सिटी, आकाशी निळा रंग, 1987 साली एफए कप ही इंग्लंडची मानाची स्पर्धा जिंकलेला. त्यांचं हायफिल्ड रोड हे मैदान भर वस्तीत होतं. ते सोडून 2005 साली क्लब गावाच्या उत्तरेला, जुन्या गॅस कारखान्याच्या जागेवर उभारलेल्या नव्या स्टेडियममध्ये आला. साडेबत्तीस हजार खुर्च्या, शेजारी हॉटेल, प्रदर्शनाची दालनं. पण हे स्टेडियम क्लबचं नव्हतंच. ते चालवणाऱ्या कंपनीत अर्धा वाटा नगरपालिकेचा आणि अर्धा एका स्थानिक धर्मादाय संस्थेचा. क्लबचाही एक वाटा ठरला होता, तो पैशांच्या ओढाताणीत आधीच विकून झाला होता. ज्यांच्यासाठी घर बांधलं तेच त्या घरात भाडेकरू झाले.

भाडं वर्षाला बारा लाख पाऊंडांच्या आसपास. क्लब वरून दुसऱ्या आणि पुढे तिसऱ्या श्रेणीत घसरलेला, मालकी एका गुंतवणूक फंडाकडे. 2012 मध्ये क्लबने भाडं थांबवलं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि 2013-14 च्या हंगामात कॉव्हेंट्रीचा संघ आपले 'घरचे' सामने नॉर्दॅम्प्टनला जाऊन खेळला. कोल्हापूरच्या तालमीने घरचा सामना सांगलीत खेळावा, तसं. माझ्या ऑफिसातला एक सहकारी लहानपणापासून वडिलांबरोबर मॅचला जायचा. त्या वर्षी तो एकाही मॅचला गेला नाही. घरात कुणी गेल्यावर सुतक पाळावं तसं त्याने ते वर्ष काढलं.

इथे रग्बी येते. वॉस्प्स हा 1867 सालचा लंडनचा क्लब. इंग्लंडचं विजेतेपद सहा वेळा आणि युरोपियन कप दोनदा, 2004 आणि 2007 मध्ये. एवढं नाव, पण स्वतःचं मैदान नाही. आधी लंडनमध्ये एका फुटबॉल क्लबच्या आसऱ्याला, मग हाय विकममध्ये दुसऱ्या फुटबॉल क्लबच्या. 2014 च्या ऑक्टोबरमध्ये नगरपालिकेने स्टेडियमच्या कंपनीतला आपला वाटा या क्लबला विकला, पुढच्याच महिन्यात धर्मादाय संस्थेचा वाटाही त्यांच्याकडे गेला. पालिकेच्या वाट्याची किंमत होती सुमारे 27 लाख 70 हजार पाऊंड. वर जागेचा भाडेपट्टा वाढवून थेट 250 वर्षांचा करून दिला. कंपनीच्या डोक्यावर पालिकेचंच 1 कोटी 44 लाखांचं कर्ज होतं, तेही वॉस्प्सने अंगावर घेतलं. ऐंशी मैलांवरून आलेला पाहुणा मालक झाला आणि नॉर्दॅम्प्टनहून नुकताच परतलेला गावचा क्लब त्याचा भाडेकरू.

त्या डिसेंबरमधल्या पहिल्याच सामन्याला 28 हजारांवर माणसं आली. मीही होतो. रग्बीचे नियम मला शेजाऱ्याने समजावून सांगितले आणि त्या दिवशी खेळ मनापासून आवडला. पुढची काही वर्षं मी जमेल तेव्हा जात राहिलो. 2017 आणि 2020 मध्ये संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला, दोन्ही वेळा एक्सेटरकडून हरला. हे सांगतो, कारण मी त्या क्लबचा शत्रू नाही. मैदानावर उतरलेल्या कुणाचीही यात चूक नव्हती.

चूक पैशाच्या रचनेत होती. 2015 मध्ये वॉस्प्सने साडेतीन कोटी पाऊंडांचे रोखे काढले, म्हणजे लोकांकडून व्याजाने पैसे उचलले. साडेसहा टक्के व्याज, सात वर्षांची मुदत, आणि तारण म्हणून स्टेडियमचा व्यवसाय. हे रोखे सामान्य माणसांनाही घेता येत होते, आणि क्लबच्या चाहत्यांनीही घेतले. बँकेत तेव्हा व्याज जेमतेम मिळायचं. त्या पैशातून पालिकेचं कर्ज फिटलं. पालिकेच्या वहीत व्यवहार चोख झाला, करदात्यांचा पैसा परत आला, असं सांगितलं गेलं आणि ते खरंही होतं. पण जोखीम कुठे नाहीशी झाली नव्हती. ती पालिकेच्या तिजोरीतून निघून निवृत्त माणसांच्या बचतीत जाऊन बसली होती. मला या साऱ्या कहाणीत सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

वरच्या श्रेणीच्या इंग्लिश रग्बीत जवळपास प्रत्येक क्लब तोट्यात चालतो. खेळाडूंचे पगार तिकिटांतून निघत नाहीत, टीव्हीचा पैसा फुटबॉलच्या मानाने किरकोळ, म्हणून कुणीतरी श्रीमंत मालक दरवर्षी खिशातून भर घालतो. वॉस्प्सचा हिशोब वेगळा होता. हॉटेल, प्रदर्शनं आणि संगीताचे कार्यक्रम यांतून कमवायचं आणि रग्बी चालवायची. मग कोविड आला आणि हे सगळंच बंद झालं. सरकारने कर्ज दिलं, म्हणजे देण्यात आणखी भर. मे 2022 मध्ये रोख्यांची मुदत संपली तेव्हा परत द्यायला पैसे नव्हते. करखात्याचीही थकबाकी होती. 17 ऑक्टोबर 2022 ला क्लब दिवाळखोरीत निघून प्रशासकांच्या ताब्यात गेला आणि त्याच दिवशी खेळाडू आणि कर्मचारी मिळून 167 जणांची नोकरी गेली. तीन आठवड्यांपूर्वी वूस्टरचा क्लब असाच कोसळला होता, पुढच्या जूनमध्ये लंडन आयरिशची पाळी आली. एका हंगामात तीन. वॉस्प्सच्याच नावाचा मुलींचा नेटबॉल संघही त्यात गेला, त्याची बातमी मात्र कोपऱ्यात छापली गेली.

स्टेडियम विक्रीला निघालं. नोव्हेंबरमध्ये उद्योगपती माइक ॲश्ली यांच्या फ्रेझर्स ग्रुप या दुकानांच्या कंपनीने ते 1 कोटी 70 लाख पाऊंडांना घेतलं. रोखे साडेतीन कोटींचे होते, तेव्हा रोखेधारकांचं काय झालं असेल ते वाचकांनीच ताडावं. आणि फुटबॉल क्लब? मधल्या काळात तोही भाड्याच्या वादातून दोन हंगाम बर्मिंगहॅमला जाऊन आला होता. 2022 च्या उन्हाळ्यात राष्ट्रकुल स्पर्धेची सेव्हन्स रग्बी, म्हणजे सात-सात खेळाडूंची रग्बी, याच मैदानावर झाली. तीन दिवसांत इतके सामने झाले की हिरवळ उखडली आणि फुटबॉलचे सुरुवातीचे घरचे सामने पुढे ढकलावे लागले. डिसेंबरमध्ये नव्या मालकाने क्लबला जागा सोडण्याची नोटीस दिली. शेवटी करार झाला, क्लब राहिला. 2025 च्या ऑगस्टमध्ये क्लबचे मालक डग किंग यांनी स्टेडियम विकत घेतलं. वीस वर्षांनी क्लब आपल्या घरात.

त्या दिवशी मी स्टेडियमच्या बाजूने चालत गेलो. सामना नव्हता, तरी लोक येऊन नुसते उभे होते. माझ्या त्या सहकाऱ्याने वडिलांना सोबत आणलं होतं. वडील आता काठी घेऊन चालतात.

आता मित्राच्या म्हणण्याकडे येतो. कंपनी नको, असं मी म्हणत नाही. खेळाडूला चांगले बूट, पोषक आहार, दुखापतीवर उपचार मिळायला पैसा लागतोच. पण संघ आणि मैदान एकाच हातात, आणि मैदान गहाण टाकून पगार, हे मला मान्य नाही. आपल्याकडे एफसी पुणे सिटी हा इंडियन सुपर लीगमधला फुटबॉल संघ 2019 मध्ये पैशांअभावी बंद पडला, त्याची लीगमधली जागा हैदराबादच्या संघाला गेली. पण तो जिथे खेळायचा ते बालेवाडीचं क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी सरकारने बांधलेलं होतं, ते सरकारचंच राहिलं. संघ गेला, मैदान उरलं, आणि आजही तिथे पोरं पळतात. हेच संकुल त्या क्लबच्या नावावर असतं तर?

भाडेकरूचं दुखणंही आपल्याला नवीन नाही. मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं आणि सामने भरवणार मुंबईची संघटना. आसनांच्या वाटपावरून भांडण इतकं विकोपाला गेलं की शेषराव वानखेडे यांनी जवळच दुसरं स्टेडियम उभं केलं, आणि 1975 च्या जानेवारीत तिथे पहिली कसोटी झाली. तेव्हा ते जमलं. आज मुंबईत कुणाला मैलभरावर मोकळी जागा सापडेल?

म्हणून कोल्हापुरात उद्या कुणी योजना घेऊन आलं तर भावा, संघात कोण खेळणार ते नंतर विचार. आधी सातबारा माग. जागा कुणाची, भाडेपट्टा किती वर्षांचा, मैदान तारण ठेवता येतं का, कंपनी बुडाली तर ते कुणाकडे परत येतं, आणि सगळ्या तालमींच्या खेळण्याच्या तारखा करारात लिहिल्यात का. कॉव्हेंट्रीच्या पालिकेने 250 वर्षांचा पट्टा देताना गावच्या क्लबचा हक्क त्यात पक्का बांधून ठेवला असता तर पुढचा वनवास टळला असता, असं मला ठामपणे वाटतं.

लंडनमध्ये ॲक्टनला वॉस्प्सच्याच नावाचा हौशी क्लब आहे. व्यावसायिक संघ कधीच त्यांच्यापासून वेगळा झाला होता. ही मंडळी शनिवारी नोकरी-धंद्यातून वेळ काढून खेळतात आणि सामन्यानंतर क्लबघरात बसतात. युरोपियन कप जिंकणारा संघ गेला, ट्वायफर्ड अव्हेन्यूच्या मैदानावरचा हा क्लब खेळतो आहे. पुढच्या हिवाळ्यात मित्र इकडे येणार आहे. त्याला आधी तिथे नेणार आहे, मग कॉव्हेंट्रीच्या स्टेडियमवर.