पासिंग होईल पण क्लेम होणार नाही, असा विमा कसा काढावा

नवीन गाडी घेतलीय? अभिनंदन. दहाचाकी आहे, हप्ता सुरू झालाय, पुढे लिंबू-मिरची लटकलीय. आता राहिला विमा. त्यात एवढं काय, म्हणाल. मीही गेली अकरा वर्षं हेच म्हणत होतो. गेल्या महिन्यात खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर त्या एस वळणावर माझी गाडी पुढच्या ट्रेलरला मागून भिडली, तोपर्यंत माझं सगळं बरोबरच चाललं होतं. तेव्हा जाणकाराचा सल्ला समजून घ्या.

आधी एजंट निवडा. कसोटी एकच: फोन उचलल्या उचलल्या तो म्हणाला पाहिजे, "शेठ, किती कमी करून देऊ?" गाडीत काय भरता, कुठल्या रूटला चालते, ड्रायव्हर किती, असलं काही विचारणारा निघाला तर लगेच फोन ठेवा. तो आपला वेळ खाणार.

कमी कुठून करतो, हे मात्र विचारायचं नाही. कारण थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरण्याच्या भागाचा, दर सरकारने ठरवलेला असतो. भरलेलं वजन २० ते ४० टन असलेल्या मालगाडीला १ जून २०२२ च्या दरपत्रकात ४३,९५० रुपये लावले, वर जीएसटी. कुठल्याही कंपनीत जा, कुणाच्याही मेव्हण्याकडे जा, दर तोच. मग तो शहाणा जे काही कमी करतो ते तुमच्याच गाडीच्या नुकसानभरपाईच्या भागातून, म्हणजे ओडीतून. हे एकदा कळलं की सूट मिळाल्याचा आनंद जातो, म्हणून कळून घेऊ नका.

आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, पाडता येईल तेवढी पाडा. गाडी चोरीला गेली किंवा पार चेंदामेंदा झाली तर कंपनी त्या आकड्याच्या वर जात नाही. फायनान्सवाला मात्र आपले उरलेले हप्ते मागतच राहतो, त्याला तुमच्या आयडीव्हीशी देणंघेणं नाही.

मागच्या वर्षी क्लेम घेतलेला असला तरी फॉर्मवर 'नाही' लिहू द्या. नो क्लेम बोनसची सूट मिळते. पुढच्या क्लेमच्या वेळी जुनी आणि नवी कंपनी एकमेकींना एक मेल करतात आणि खोटं उघडं पडतं, एवढंच.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या, लायसनवर ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवायची मुभा कायम ठेवली, तेव्हा भाच्याला खुशाल दहाचाकीवर बसवा.

आता मुख्य सल्ला. पॉलिसीची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर आली की पहिलं पान उघडा, 'पॅकेज' शब्द दिसला की "फुल्ल इन्शुरन्स झाला" म्हणून बंद करा. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आयएमटी म्हणून आकडे असतात, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या अटींचे नंबर, तिकडे बघायचंच नाही. मी बघितलं नव्हतं. माझ्या पॉलिसीत आयएमटी २१ होतं आणि आयएमटी २३ नव्हतं. दोन आकड्यांचा फरक, काय बिघडतं?

ते मला गॅरेजमध्ये नुकसान मोजायला आलेल्या सर्व्हेअरने शिकवलं. माणूस सभ्य. चष्मा कपाळावर, हातात एस्टिमेटचा कागद, लाल पेन. बंपर, काट. दोन्ही हेडलाइट, काट. मडगार्ड, काट. साइडचा पत्रा, काट. रंगकाम, काट. मी म्हटलं, साहेब, हे काय चाललंय? तो म्हणाला, "तुमच्याकडे तेवीस नाही ना." लाइट, टायर, ट्यूब, मडगार्ड, बॉनेट, साइडचे पत्रे, बंपर, रंग हे सगळं मालगाडीच्या पॉलिसीतून एकवीस नंबरने वगळलेलं असतं, आणि ते परत आत घ्यायचं तर तेवीस नंबरचे पैसे वेगळे भरायचे. बरं, माझी गाडी चपट्या तोंडाची, हिला बॉनेट कुठलं? तर पुढच्या पत्र्यालाच त्याने बॉनेट म्हटलं आणि काट मारली. मी विचारलं, मग समोरून ठोकली तर राहतं काय? "तोंड सोडून बाकीची गाडी." आणि वर सांगतो, गाडी टोटल लॉस झाली असती तर हे सगळं धरलं असतं. म्हणजे ठोकायचीच होती तर मनापासून ठोकायला हवी होती, अर्धवट कामाची किंमत नाही!

बिल १,९२,०००. मंजूर ४१,६००. आणि तेवीसचा हप्ता किती होता माहितीये? ओडीच्या पंधरा टक्के. माझी ओडी चौदा हजार. करा हिशोब. दोन हजार शंभर रुपये! तेवढे "वाचवून" दिले म्हणून त्या एजंटला मी गेल्या दिवाळीला मिठाईचा बॉक्स दिलाय. काजूकतली. तेवीस घेतलं असतं तरी त्या सामानाचे घसारा वजा जाऊन निम्मेच मिळाले असते, हेही मला आता पाठ झालंय. पण निम्मे म्हणजे निम्मे, शून्य नव्हे! फोन केला तर म्हणतो, "शेठ, तुम्हीच कमी करा म्हणालात." आणि हे खोटं पण नाही.

मालाचं बघा. गाडीत साखरेची ३८० पोती होती, सव्वीस फुटली, रस्त्यावर सांडली. गाडीचा विमा आहे म्हणजे गाडीतल्या मालाचाही असणार, अशी श्रद्धा ठेवा. मालवाली पार्टी भाड्यातून कापून घेते तेव्हा श्रद्धेची परीक्षा होते.

रिकाम्या गाडीत गावचं वऱ्हाड न्या, पुण्य लागेल. मालगाडीत फुकट बसवलेल्यांची जबाबदारी पॉलिसीत नसते. कोर्टाने कंपनीला भरायला लावलंच, तर ती नंतर तुमच्याकडून वसूल करते.

आणि ड्रायव्हर-क्लिनरच्या विम्यावर पैसे घालवू नका. माणशी पन्नास रुपये असतात. वर्षाला.

त्या रात्री शिरवळच्या दवाखान्यात ड्रायव्हरच्या कपाळाला टाके घालत होते आणि तो मला विचारत होता, "अण्णा, माल किती गेला?" क्लिनर पोरगा एकोणीस वर्षांचा, मनगट मोडलेलं, एका कोपऱ्यात गप्प बसलेला. घरी येऊन मी पहिल्यांदा ती पीडीएफ नीट वाचली. ड्रायव्हरपुढे १ लिहिलेलं. क्लिनरपुढे ०. पन्नास रुपये. टोलनाक्यावरच्या दोन चहा-वड्यांचे पैसे. ते मी वाचवले होते, एजंटने नव्हे, कंपनीनेही नव्हे.

पुण्यात विमा लोकपाल आहे, तक्रारीला फी लागत नाही, तिकडे जा म्हणून मला चार जणांनी सांगितलं. कुठल्या तोंडाने जाऊ? कागदावर छापलंय तेच कंपनीने केलं. तो कागद एवढा किचकट का छापतात, ड्रायव्हर जे वाचू शकतो त्या भाषेत का नाही, यावर मी तासभर भांडेन. पण सही माझी आहे.

आता नीट ऐका. टायर घेताना आपण ट्रेड बोटाने चाचपतो, डिझेल भरताना मीटर शून्यावर आहे का बघतो, पंचवीस लाखांच्या गाडीचा कागद मात्र आरटीओवाल्याला दाखवायचा चिठोरा समजतो. चुकतंय ते इथे. मूर्ख आहोत आपण, आणि एजंटला ते पक्कं ठाऊक आहे. मोबाईल काढा. पीडीएफ उघडा, शेवटचं पान. तेवीस शोधा. क्लिनरपुढचा आकडा बघा. शून्य असेल तर आज फोन करा, गाडी लोड व्हायच्या आधी, आणि एजंट "कशाला शेठ, उगाच पैसे वाढतील" म्हणाला तर त्याला माझ्या गाडीचा फोटो पाठवा. अजून गॅरेजमध्येच उभी आहे, बिनतोंडाची.