रोटोरुआला नाक मुरडणाऱ्यांनो

आज सकाळी एका ट्रॅव्हल ग्रुपवर कुणीतरी न्यूझीलंडमधल्या रोटोरुआचा व्हिडिओ टाकलाय. नाक दाबून चाललेत, मागे वाफा, आणि खाली लिहिलंय 'सडक्या अंड्यांचं गाव, अर्ध्या दिवसात उरका'. त्यावर हसणाऱ्या इमोजींचा ढीग. डोकंच फिरलं माझं.

वास येतो, मान्य. जुन्या ज्वालामुखीच्या विवरात वसलंय ते शहर, बाजूचं तळंही त्याच विवरात साठलेलं, जमिनीतून हायड्रोजन सल्फाइड वायू बाहेर पडतो, मग वास येणारच ना! थोड्या वेळात नाक सरावतं. चांदीचे दागिने तेवढे काढून ठेवा, काळे पडतात. संपला विषय.

आम्ही तिथल्या फाकारेवारेवाला गेलो होतो, लोक नुसतं 'फाका' म्हणतात. ते काही थीम पार्क नाही, माओरी म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांचं राहतं गाव आहे, घराघरांच्या मधून वाफा निघत असतात. एक बाई उकळत्या कुंडात जाळीच्या पिशवीतून मक्याची कणसं सोडत होत्या, पिशवीची दोरी काठावर बांधलेली. तेवढ्यात आमच्यातल्या एका काकूंनी ओढणी नाकाला लावली आणि जोरात म्हणाल्या, "शी, कसे राहतात हे लोक इथे!" मराठीत म्हणाल्या म्हणून काय झालं, चेहरा बघून कुणालाही कळलं असतं. त्या बाईंनी एकदा वर बघितलं आणि परत दोरीची गाठ बघायला लागल्या. मी काकूंना तिथेच म्हटलं, हळू बोला, हे त्यांचं अंगण आहे. काकू फुगल्या. फुगू देत.

कसे राहतात? सांगते ना. १० जून १८८६ च्या रात्री जवळचा तारावेरा ज्वालामुखी फुटला. गुलाबी आणि पांढरे टेरेस म्हणजे त्या काळी जगभरातून लोक बघायला यायचे असे सिलिकाचे पायऱ्यापायऱ्यांचे कुंड, एका रात्रीत होत्याचे नव्हते झाले. टे वाइरोआ गाव चिखलाखाली गेलं, शंभरावर माणसं गेली. तिथल्या तुहोउरांगी या माओरी जमातीतले जे वाचले त्यातले कितीतरी फाकाला आले, तिथल्या नातेवाईकांनी जागा दिली. टेरेस होते तेव्हाही पाहुण्यांना फिरवून आणायचं काम हेच लोक करायचे आणि फाकाला आल्यावरही त्यांनी तेच धरलं. सगळं गेल्यावर वाफाळत्या जमिनीवर पुन्हा घर मांडलेल्यांच्या पणतवंडांच्या दारात उभं राहून आपण 'शी' म्हणायचं?

आणि तो पोहुतू गीझर, म्हणजे जमिनीतून उसळणारा गरम पाण्याचा फवारा, ज्याच्यासमोर सगळे सेल्फी काढतात, तो आज ३० मीटरपर्यंत उडतो ना, त्यासाठी गावाने किंमत मोजलीय. गरम पाण्यासाठी इतक्या बोअर मारल्या होत्या की गीझर मलूल पडायला लागले, मग १९८० च्या दशकात सरकारने पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतल्या बोअर बंद करायला लावल्या. लोक चिडले, घरातलं गरम पाणी गेलं तर कोण चिडणार नाही? पण जमिनीतला दाब वाढला, गीझर परत जोरात उडायला लागले. आपण येऊन फोटो काढतो आणि वर नाक दाबतो.

तिकिटं महाग आहेत, हो, ते कबूल. पण कुइराऊ पार्कमध्ये गरम पाण्यात पाय सोडून बसायला एक पैसा लागत नाही.

काकू तशा वाईट नाहीत हो. बसच्या प्रवासाने शिणल्या होत्या, आणि शेवटी कणीस त्यांनीही खाल्लं, बोटं चाटून. राग मला त्या सवयीचा आहे, कुठेही गेलो की तिथल्या माणसांना देखाव्यातलं सामान समजायची.

जाणार असाल तर घाई करू नका, त्याच गावातली गाईड घ्या आणि ती बोलते ते ऐका. गरम कुंडात उतरलात तर डोकं पाण्याखाली घालू नका, नाकातून अमीबा शिरू शकतो, तशा पाट्याच आहेत. तळ्याकाठच्या ओहिनेमुतू या माओरी गावात चर्चशेजारी थडगी जमिनीच्या वर बांधलेली दिसतील, कारण खाली जमीन तापलेली आहे, खोदता येत नाही. तिथे मोबाईल खिशात ठेवा, पोरांना थडग्यांवर चढू देऊ नका, आणि कुणी फोटो नको म्हटलं तर कारण न विचारता पुढे चला.