नंदीध्वज पेलणारा सुखी की बघणारा?

संक्रांत जवळ आली की सोलापुरात पार्क चौकातल्या आमच्या टपरीवर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, सोडून दुसरा विषयच नसतो. परवा नंदीध्वजाच्या, म्हणजे यात्रेत पेलून मिरवायच्या उंच काठीच्या, सरावावरून अण्णा आला, खांदे चोळत बाकावर टेकला आणि म्हणाला, "दिवसभर मागावर उभा होतो बे. पण काठी हातात आली की शीण कुठल्या कुठं. तुला बँकेचा पगार, तरी तोंड कायम एरंडेल प्यायल्यासारखं."

बँकवाल्याला लागलं. "अंग धड, घर धड, तोच काठी पेलायला येतो. आजारी, कर्जात बुडालेला येतो का? मग गड्ड्यात सुखी माणसंच दिसणार की! गड्ड्यामुळं सुखी झाली कशावरून?"

मुद्दा बिनतोड होता. मास्तरांनी मग नॉर्वे काढलं (मास्तर कुठूनही परदेशी पोचतात). तिथल्या एका भागात २००६ ते २००८ मध्ये ५०,७९७ प्रौढांना विचारलं: गाता, नाचता, मंडळाचं काम करता का? नाटक, मैफल, प्रदर्शन बघता का? चर्चला जाणं, मॅच बघणंही त्यात धरलं होतं.

"मग गड्डा पण बसतो त्यात," अण्णा.

बसतो. निष्कर्ष २०११ मध्ये छापून आले. भाग घेणाऱ्यांत आयुष्याबद्दल समाधान जास्त, चिंता आणि नैराश्य कमी. अण्णानं मांडीवर थाप मारली. पण मास्तर पुढं बोलले, "पुरुषांत मात्र स्वतः करण्यापेक्षा बघायला जाण्याशी हे नातं जास्त घट्ट निघालं."

आता बँकवाला खुलला. "म्हणजे हुतात्मा स्मृती मंदिरात खुर्चीत बसून नाटक बघतो, तेच बरोबर!"

"खुर्चीत घोरतोस, ते सांग की बे."

तरी बँकवाल्याचा मूळ सवाल शाबूतच होता. नॉर्वेत करणं आणि समाधान एकाच वेळी मोजलं, आधी काय आलं ते कसं कळणार? मास्तरांकडं इंग्लंडचंही होतं: पन्नाशीपुढच्या ६,७१० जणांवर १४ वर्षं लक्ष ठेवलेलं, २०१९ मध्ये छापलेलं. दर काही महिन्यांनी संग्रहालय, नाटक, मैफलीला जाणाऱ्यांत मृत्यूचा धोका ३१ टक्के कमी. पैसा, तब्येत हिशोबात धरूनही फरक उरलाच. पण जास्त जगला म्हणजे समाधानानं जगला असं थोडंच आहे? नुसतं लांबलेलं आयुष्य आमच्या गल्लीतही बघायला मिळतं.

मला विचाराल तर अण्णाचं सुख काठीत कमी, भोवतीच्या माणसांत जास्त. सरावात काठी जरा कलली की न बोलावता चार हात पुढं येतात. मागाच्या खडखडाटात शेजाऱ्याचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही.

इतका वेळ कप विसळणारी मावशी मध्येच म्हणाली, "सिद्धेश्वरांच्या लग्नाचा अक्षता सोहळा मी अजून डोळ्यानं बघितला नाही. गड्ड्यात धंदा सोडून तो होतो त्या संमती कट्ट्याला जाऊ कशी?"

"हेच म्हणतोय मी!" बँकवाला उसळला. "आधी सवड लागते, मग समाधान!"

अण्णा म्हणाला, "मावशी, यंदा तू जा. टपरीवर हा बसेल. नाहीतरी ह्याला बसायचंच असतंय."

"आणि उधारी वसूल कोण करणार?" मावशीनं विचारलं, अण्णाकडंच बघत.