‘दोन दिवसांत माचू पिचू’ हा सल्ला का मानू नये

पेरूला जायचं ठरवलं की एक सल्ला कुठून ना कुठून येऊन पोचतोच. लिमाहून सकाळचं विमान पकडा, कुस्कोत उतरून शहर बघा, रात्री तिथेच मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून माचू पिचू, म्हणजे इंका लोकांचं डोंगरावरचं जुनं शहर, करा आणि रात्री परत या. उंचीचं फार मनावर घेऊ नका, ट्रेक करणाऱ्याला काही होत नाही, आणि कोकाचा चहा असतोच. तिकीट तिथे गेल्यावर मिळतं. बाकीचे इंका अवशेष सारखेच, ते सोडा.

मोजक्या सुट्टीत जायला माझा विरोध नाही. पण या सल्ल्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकीची आहे, आणि आईवडिलांना बरोबर घेऊन जाणाऱ्यांना ती फार महागात पडू शकते.

आधी उंची. बहुतेकांना वाटतं की त्रास होईल तो माचू पिचूला. पण ते आहे २,४३० मीटरवर आणि कुस्को ३,४०० मीटरवर, म्हणजे लेहच्या आसपास. समुद्रकिनाऱ्यावरच्या लिमाहून निघालेला माणूस दीड तासाच्या आत तिथे उतरतो. हवेतला प्राणवायूचा दाब तिथे किनाऱ्याच्या दोन तृतीयांशच असतो. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे सगळं उतरल्या उतरल्या सुरू होत नाही. साधारण सहा ते बारा तासांनी होतं. म्हणून दुपारी कुस्कोच्या चौकात फिरताना आपण ठणठणीत आहोत असं वाटतं आणि रात्री डोकं धरून बसावं लागतं. नेमक्या त्याच रात्रीनंतर पहाटे चारला उठायचं, असा हा बेत आहे.

‘ट्रेक करणाऱ्याला काही होत नाही’ हेही खरं नाही. दमसास चांगला असणं वेगळं आणि शरीराला उंचीची सवय होणं वेगळं. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं. दर रविवारी गड चढणाऱ्या तरुणालाही कुस्कोत त्रास होऊ शकतो, उलट तो अंगातल्या जोमावर पहिल्याच दिवशी जास्त धावपळ करतो. कोकाचा चहा जरूर प्या, तिथला पाहुणचारच आहे तो, पण त्याला औषध समजू नका. औषध हवं असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना अ‍ॅसिटाझोलामाइडबद्दल विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचे विकार, चालू गोळ्या हे सगळं त्यांना सांगा. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं तर वाट बघत बसू नका. लगेच खाली उतरा आणि दवाखाना गाठा. (अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आणखी एक: कोकाची पानं किंवा त्या चहाच्या पुड्या परत नेऊ नका, तिथे त्यांवर बंदी आहे.)

यावरचा उपाय सोपा आहे. कुस्कोच्या विमानतळावरून शहरात न शिरता थेट उरुबाम्बा नदीच्या खोऱ्यात उतरा. उरुबाम्बा गाव किंवा ओयान्ताइताम्बो २,८०० ते २,९०० मीटरच्या दरम्यान आहे. पहिल्या दोन रात्री तिथे काढा, मग माचू पिचू, आणि कुस्को सगळ्यात शेवटी. तोवर शरीर रुळलेलं असतं. चार-पाच रात्रींत हे आरामात बसतं.

आता ‘पहाटे निघून रात्री परत’. माचू पिचूपर्यंत मोटारीचा थेट रस्ता नाही. कुस्कोहून ओयान्ताइताम्बोपर्यंत गाडीने सुमारे दोन तास, तिथून रेल्वेने पावणेदोन तासांच्या आसपास, मग पायथ्याच्या आग्वास काल्येन्तेसहून वळणावळणाच्या घाटाने बसचा अर्धा तास, शिवाय बसची रांग. जाऊन-येऊन आठ-नऊ तास प्रवासातच जातात. नोव्हेंबर ते मार्च पावसाळा असतो, दरडी कोसळतात. जानेवारी २०१० मध्ये पुराने रेल्वेमार्ग उखडला तेव्हा हजारो पर्यटक तिथे अडकले होते. हाताशी एकही मोकळा दिवस न ठेवता पुढचं विमान पकडायचं ठरवणं धोक्याचं आहे. आग्वास काल्येन्तेसला एक रात्र राहिलात तर सकाळच्या ताज्या पायांनी वर जाता येतं.

तिकिटाबद्दल थोडक्यात. प्रवेशद्वारावर तिकीट मिळत नाही. काही तिकिटं आग्वास काल्येन्तेस गावात रांग लावून मिळतात, पण ती त्याच दिवसाची मिळतील असं धरून चालू नका. रोजच्या प्रवेशांना मर्यादा आहे. तिकिटावर तुमचं नाव, पासपोर्ट क्रमांक, वेळ आणि मार्ग ठरलेला असतो. मार्ग निवडताना घाई करू नका. फोटोत दिसतं ते वरून दिसणारं दृश्य पहिल्या मार्गावर आहे, पण त्या मार्गाने खालच्या वास्तूंमध्ये जाता येत नाही. दोन्ही हवं असेल तर दुसरा मार्ग घ्या, आणि त्याचीच तिकिटं आधी संपतात. आत स्वच्छतागृह नाही, हे ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवा. आधी प्रवेशाचं तिकीट, मग रेल्वे, मग हॉटेल, याच क्रमाने आरक्षण करा.

आणि ‘बाकीचे अवशेष सारखेच’ या वाक्याचा मला खरोखर राग येतो. ओयान्ताइताम्बोच्या पायऱ्यापायऱ्यांच्या उतारावर चढून गेलं की माथ्यावर गुलाबी छटेच्या सहा प्रचंड शिळा एका रांगेत उभ्या दिसतात. दोन शिळांच्या मधे दगडाचीच एक अरुंद पट्टी इतकी घट्ट बसवलेली आहे की सांधा बोटाने चाचपावा लागतो. या शिळांची खाण नदीपलीकडच्या डोंगरात, काही किलोमीटरवर आहे. चाक न वापरता त्या दरीत उतरवल्या, नदी ओलांडून आणल्या आणि पुन्हा वर चढवल्या. वाटेत सोडून दिलेले दगड आजही त्या खोऱ्यात पडलेले आहेत. १५३७ मध्ये इंकांचा राजा मान्को इंका याच्या सैन्याने हर्नान्दो पिझारोच्या स्पॅनिश फौजेला इथूनच मागे रेटलं. गडांवरच्या लढाया ऐकत वाढलेल्या माणसाने हे ठिकाण गाडी बदलण्यापुरतं बघावं, हे मला पटत नाही. खालच्या गावात इंकांच्या काळची गल्ल्यांची आखणी अजून टिकून आहे, कडेच्या दगडी पाटांतून पाणी वाहतं आणि त्या जुन्या भिंतींच्या आत लोक राहतात.

कुस्को भागाचं एकत्रित पर्यटन तिकीट दहा दिवस चालतं. त्यात ओयान्ताइताम्बो, पिसाक, मोराय आणि कुस्कोवरचं साक्साइवामान येतं; माचू पिचू येत नाही. ओयान्ताइताम्बोला सकाळी सातला, कुस्कोहून येणाऱ्या बसगाड्या पोचायच्या आत, वर चढा. आग्वास काल्येन्तेसची रेल्वे त्याच गावातून सुटते. ती दुपारची घ्या.